राहिलेली कानपिळी

सिडकोत पवननगरच्या मागच्या गल्लीत येऊन लताबाई गांगुर्डे कुठं राहते म्हणून विचारलंत, तर चार माणसं चार घरं दाखवतील. शनिवारवाली काकू म्हणून विचारा, रिक्षावाला थेट जिन्यापाशी सोडेल. वर सांगेल, "बेल वाजवू नका हां, दारावर बोटानं टकटक करा. घरात सोमू असतो."

शनिवार म्हणजे काय, तर दुपारची जेवणं उरकली की समाजमंदिराची किल्ली लताबाईच्या कमरेला. ती चटया अंथरते, खिडक्या लावून घेते, आणि मग एकेक आई आपलं लेकरू घेऊन जिना चढते. कोणाचं पोर बोलत नाही, कोणाचं एकच वाक्य दिवसभर बोलतं, कोणाला शिट्टीचा आवाज आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. एकाला पंख्याची घरघर सोसत नाही आणि दुसऱ्याला फिरता पंखा बघितल्याशिवाय चैन नाही, म्हणून त्या दोघांत तह झालेला आहे, अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. मोठमोठ्या देशांना जमत नाही ते तिथं चटईवर जमतं.

हे सगळं सुरू झालं लताबाईच्या सोमनाथपासून. सोमू लहान असताना हाक मारली तरी बघायचा नाही. आधी वाटलं कान गेले असतील. पण शेजारच्या घरात बिस्किटाचा पुडा फाडला की इकडे धावायचा, तेव्हा कानांचा प्रश्न मिटला. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम. मराठीत काय म्हणतात म्हणून सावळीरामनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं, तर म्हणाले, स्वमग्न. लताबाईला वाटलं, हे नाव पंचवटीत धुनीपाशी बसलेल्या एखाद्या बाबाला शोभेल. तिच्या चड्डीतल्या पोराला ते कशाला?

पुढची काही वर्षं तिनं तेच केलं जे चारचौघी करतात. पाहुणे आले की सोमूला आतल्या खोलीत बसवायचं, वरून कडी लावायची, हातात पत्र्याचा डबा आणि चमचे द्यायचे. पाहुण्यांनी विचारलं की सांगायचं, झोपलाय. इतका झोपणारा पोरगा अख्ख्या सिडकोत दुसरा नव्हता.

ती कडी काढली मोहिनीनं. मोहिनी देवळाली कॅम्पातली, नवरा पलटणीत सुभेदार होता. तिची लेकही अशीच. डॉक्टरांच्या बाकड्यावर दोघींची गाठ पडली आणि मोहिनीनं पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही याला बाजारात नेता का हो?"

"नाही बाई. लोक बघतात."

"बघू द्या की. आमच्याकडे तर अख्खी पलटण बघते. बघून बघून थकतात आणि आपापल्या कामाला लागतात."

त्यावर दोघी हसल्या, आणि त्याच हसण्यातून शनिवार निघाला. आधी दोघीच बसायच्या. मग लताबाईनं एक युक्ती केली. अशा पोरांची सभा आहे म्हटलं तर कोणी येत नाही, पण हळदीकुंकू म्हटलं की बाई घरात थांबत नाही. तिनं संक्रांतीचं हळदीकुंकू समाजमंदिरात ठेवलं आणि बोलावणं दिलं ते नेमकं त्या घरांना, जिथं आतल्या खोलीला बाहेरून कडी असते. ती घरं तिला बरोब्बर ओळखता यायची. स्वतःच्या घराचा सराव होता ना.

मग तिला धीरच आला. गल्लीतल्या गणपती मंडळाकडे जाऊन उभी राहिली, म्हणाली, एक दिवस एक आरती बिनढोलाची करा, आमच्या लेकरांनाही देव बघायचाय. मंडळात संघर्ष नावाचा पोरगा होता, कानात बाळी, हातात कडं. तो म्हणाला, "काकू, ढोल नाही, ताशा नाही, झांजा नाही. बाप्पाला ऐकू तरी जाईल का?"

"त्याचे कान बघ केवढे आहेत," लताबाई म्हणाली. "ते ढोलासाठी नाहीत रे बाबा, हळू बोलणाऱ्यासाठी आहेत."

त्या वर्षापासून ती हळू आरती सुरू झाली. सोमू पहिल्यांदा मांडवात शेवटपर्यंत उभा राहिला.

आणि लताबाई बोलायलाही तिखट झाली. निकिता म्हणून एक तरणी आई सातपूरहून यायची. तिनं दिराच्या साखरपुड्याला आपल्या पोराला माहेरी ठेवलं होतं. लताबाईला कळलं तशी सगळ्यांदेखत म्हणाली, "साखरपुड्यात भांडी-कुंडी, कुत्रं-मांजर सगळं चाललं, फक्त तुझं पोर चाललं नाही होय गं? तूच लपवलंस तर लोकांनी कशाला जवळ घ्यावं?" निकिता त्या दिवशी पदरात डोळे पुसत जिना उतरली. लताबाईला वाटलं, बरं झालं, औषध कडूच असतं.

तर अशा लताबाईच्या घरी पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवी सोमूची मोठी बहीण. मुलगा विंचूरचा, अश्विन, तिथल्या वाइन पार्कात कामाला. बोलायला हळू, हसायला आधी. सोमूला पहिल्यांदा भेटला तेव्हा हात पुढे केला नाही, नुसता शेजारी बसून राहिला. पल्लवीनं त्याच दिवशी पसंत केला असं म्हणतात. आणि बैठक झाल्याबरोबर तिनं आईला सांगून टाकलं, "माझा कानपिळ्या सोमूच. दुसरा कोणी पुढे आलेला मला चालणार नाही."

आता कानपिळी म्हणजे काय, तर अक्षता पडतात, लोक पंगतीकडे धावतात, आणि इकडे होमापाशी नवरीचा भाऊ पुढे होऊन नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी, एवढाच त्याचा अर्थ. मग मुलाकडचे त्याला नवे कपडे देऊन त्याचा राग घालवतात. काम मिनिटाचं, पण अख्ख्या लग्नात भावाचा मान म्हणून असतो तो हाच.

सोमू वीस-एकवीसचा झाला होता, सावळीरामपेक्षा उंच. बोलतो मोजकंच. पण मोहिनीनं त्याचं एक ओळखलं होतं. त्याला पुढे काय होणार ते आधी दाखवलं की तो घाबरत नाही. म्हणून तिनं चित्रांची पानं केली. नवरदेव, अंतरपाट, अक्षता, होम, कान, नवे कपडे. पानं दोऱ्यात ओवून भिंतीवर खिळ्याला टांगली. एक काम झालं की ते पान काढून डब्यात टाकायचं. आणि बोलताना दोनच शब्द, आधी आणि मग. आधी अक्षता, मग होम. आधी होम, मग कान. सोमूच्या जगात हे दोन शब्द म्हणजे दगडावरची रेघ. लताबाईनं ते शब्द वर्षानुवर्षं वापरले होते आणि एकदाही मोडले नव्हते. आधी सुई, मग केळं, म्हटलं की केळं हातात तयार असायचं.

पौषात सराव सुरू झाला. शनिवारी समाजमंदिरात सगळे कान देऊन बसायचे. पहिला नंबर सावळीरामचा. सोमूनं असा पिळला की तो जागेवरून उठलाच, "अरे देवा! मेहुणा आहे का उसाचा चरक?"

"हळू, सोमू. बाबा रडतील," मोहिनी म्हणाली.

मग संघर्षचा. "बाळी काढ आधी," लताबाईनं दटावलं, "कान तिच्यासकट हातात यायचा." निकितानंही कान पुढे केला आणि म्हणाली, "काकू, आमच्या ह्यांनाही आणू का पुढच्या वेळी? त्यांना गरज आहे." सगळं समाजमंदिर हसलं. सोमू मात्र गंभीर. प्रत्येक कानाला आधी "दाजी" म्हणायचा, मग दोन बोटांत धरून पिळायचा. हळूहळू हात इतका बेताचा झाला की चंद्रभागा, लताबाईची सासू, म्हणाली, "आता पिळतो का कुरवाळतो तेच कळंना. नवरदेवाला धाक कसा बसायचा?"

लग्नाच्या आठवड्यात लताबाईचा भाऊ रावजी चांदवडहून आला. कांद्याचा व्यापारी, मनानं चांगला, बहिणीसाठी जिवाचं रान करणारा. मांडवापासून आचाऱ्यापर्यंत सगळं त्यानंच अंगावर घेतलं होतं. भिंतीवरची चित्रं त्यानं बघितली, आणि लताबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, शनिवारचं शनिवारी. हे पल्लवीचं लग्न आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय, तूच बघ. दोन्हीकडचे पाहुणे, तो डीजे, तो धूर. पोरगं ओरडलं, होमात हात घातला, तर नाव कोणाचं निघेल? उद्या सासरी टोमणे सोमू ऐकणार का पल्लवी? आपला लखन आहे की. मामाचा पोरगा म्हणजे भाऊच."

या बोलण्याला उत्तर होतं. लताबाईला ते पाठ होतं. लोकांच्या घरात उभी राहून ती ते खणखणीत आवाजात द्यायची. त्या दिवशी ते ओठापर्यंत आलंच नाही. ती म्हणाली, "बघू."

पल्लवीच्या कानावर काहीतरी गेलं असावं. ती आईला म्हणाली, "आई, सोमूचं काही मनात आणू नकोस. तिकडचं मी बघितलंय." लताबाईनं काय बघितलं म्हणून विचारलं नाही. पोर आहे, हौस आहे, असं मनाशी म्हणाली आणि हळद भिजवायला गेली.

हळद होती लग्नाच्या लॉन्सवरच, पाथर्डी फाट्याच्या पुढे. संध्याकाळी डीजेवाल्या पोरांनी आवाज बघायला म्हणून एकदम दणका दिला. सोमू कानांवर हात दाबून जेवणाच्या टेबलाखाली शिरला. लताबाईनं ते बघितलं. तेवढ्यात आचाऱ्यानं हाक मारली म्हणून ती आत गेली. ती आत असताना आवाज थांबला, सोमू आपला आपण बाहेर आला, पल्लवीच्या शेजारी बसला आणि दोन्ही गालांना हळद लावून घेतली. पण ते लताबाईनं बघितलं नाही. तिच्या डोळ्यांत टेबलाखालचा सोमूच राहिला, आणि तोच तिनं उशाशी घेतला.

सकाळी नवरी आत सजायला बसली, तेव्हा लताबाई सोमूजवळ गेली. त्यानं नवा कुर्ता घातला होता, मानेमागचं लेबल कापून काढलेला. हातात कानाचं पान. ती म्हणाली, "सोमू, आधी घर. मग कान."

त्यानं पानाकडे बघितलं. चित्रांत घर कुठंच नव्हतं. पण आई म्हणाली होती, आधी आणि मग. तो उठला आणि गाडीत जाऊन बसला.

चंद्रभागा काठी टेकत मागून आली. नातीच्या लग्नासाठी काढलेली तिची पैठणी अंगावर तशीच. "कोणीतरी लागंल ना त्याच्यापाशी," ती म्हणाली. "मी बसते. तुम्ही व्हा पुढं." सुनेकडे तिनं बघितलं नाही. सावळीरामला लताबाईनं विचारलं होतं, तर तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते." नवऱ्याचं हे वाक्य तिला जन्मभर आवडत आलं होतं. त्या दिवसापासून आवडेनासं झालं.

लग्न छान लागलं. अक्षता पडल्या, फटाके झाले, लोक पंगतीकडे पांगले. मांडव अर्धा रिकामा झाला. होमाचं सगळं सुरू झालं आणि भटजी म्हणाले, "मुलीचा भाऊ या पुढे."

आणि एकदम शांत झालं. डीजे बंद. पंगतीकडचा मोठा कर्णाही बंद. लताबाईला वाटलं वीज गेली. वर बघितलं तर दिवे चालू होते. मुलाकडची दोन-तीन माणसं तोंडावर बोट ठेवून मांडवाच्या कडेनं उभी होती, पोरांना गप्प करत. अश्विननं फेटा थोडा वर सरकवला होता, कान मोकळा दिसावा म्हणून. तो मान वळवून बघत होता, कोणीतरी येईल म्हणून.

लखन आला. केसांना जेल, डोळ्यांना काळा चष्मा. त्यानं दोस्तांना फोन काढायला लावला आणि हसत हसत कान पिळला. अश्विन हसला नाही. पल्लवी हसली नाही. तिनं मुंडावळ्यांतून आईकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती सोमूला शोधत होती, आईच्या मागे कुठे उभा असेल म्हणून.

विहीणबाई पुढे झाल्या आणि लखनच्या हातात कपड्यांचा पुडा ठेवला. ठेवताना क्षणभर थांबल्या. लखननं तिथंच उघडला. आत सुती सदरा होता, पांढरा, मऊ. नवा असून धुऊन धुऊन नरम केलेला. मानेमागं लेबल नाही, शिवण बाहेरच्या अंगाला, आत टोचू नये म्हणून. लखननं अंगाला लावून बघितला, तर बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"हा तर कोणा उंच माणसाचा शिवलाय," तो म्हणाला.

विहीणबाई लताबाईला हळूच म्हणाल्या, "पल्लवीनं माप दिलं होतं. बरं नाही का त्याला?"

तोंडातून खोटं यायला वेळ लागत नाही. लताबाई म्हणाली, "झोपलाय."

एवढ्या वर्षांनी तोच शब्द. तिचा तिलाच ऐकू आला. मोहिनी तिच्या शेजारीच होती. तिनं ऐकलं, आणि लखनच्या हातातला सदरा घेऊन त्याची घडी घातली.

पाठवणीच्या वेळी पल्लवी आईच्या गळ्यात पडून रडली. रडता रडता एवढंच म्हणाली, "एकदा विचारायचं तरी होतंस मला, आई."

लताबाई घरी आली तेव्हा सोमू दाराकडे तोंड करून बसला होता. कुर्ता अंगावर, पान हातात. चंद्रभागा भिंतीला टेकलेली. म्हणाली, "हाललाच नाय गं. जेवला नाय. मी म्हटलं, माझा कान पिळ रे राजा, तर माझा हात बाजूला केला. म्हणला, दाजी." म्हातारीनं पैठणीची घडी गुडघ्यावरच घातली. "गाडी वाजली की उठून उभा राहायचा. लय वेळा उठला."

लताबाई त्याच्यापुढे बसली. काय सांगणार? 'आधी' झालं होतं आणि 'मग' निघून गेलं होतं, याचं चित्र कोणाकडे होतं? सोमूनं तिच्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. मग तो उठला आणि ते पान दोऱ्यात ओवून परत खिळ्याला टांगलं.

पुढच्या शनिवारी लताबाईला समाजमंदिराची किल्ली जड झाली. सगळ्यांनी कान दिले होते, सगळ्यांना ऐकायचं होतं. निकितानं पोराला चटईवर सोडता सोडता विचारलं, "काय काकू, पिळला का सोमूनं? दाजी ओरडले का?"

लताबाईनं सांगितलं. सगळं सांगितलं, रावजीवर काही न ढकलता. पंख्याची पाळी संपून गेली तरी कोणी बटण दाबायला उठलं नाही.

निकिता म्हणाली, "मग मला त्या दिवशी एवढं बोललात ते?"

"बोलले खरी."

निकितानं उठून पंखा बंद केला आणि परत येऊन लताबाईच्या जवळ बसली, अगदी खांद्याला खांदा नाही, पण जवळ. "मला पण भीतीच वाटली होती काकू," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा हे विचारलंच नाही, कशाची भीती वाटली म्हणून."

शनिवार अजून चालू आहे. लताबाई अजून नव्या घरांत जाते, आतल्या खोलीची कडी बघते. पण पहिल्यासारखा आवाज चढवत नाही. बाई रडायला लागली की थांबते, पाणी मागते, आणि विचारते, भीती कशाची वाटते ते. लोक म्हणतात, काकू आता मवाळ झाल्या.

घरात मात्र एक गोष्ट राहून गेली. ती म्हणते, "सोमू, आधी आंघोळ, मग पोहे." पूर्वी तो सरळ उठायचा. आता आधी स्वयंपाकघरात जातो, झाकण उचलून पोहे खरंच आहेत का ते बघतो, आणि मग आंघोळीला जातो. ओरडत नाही, चिडत नाही. नुसतं झाकण उचलून बघतो. लताबाई त्या वेळी दुसरीकडे बघते.

अश्विन आणि पल्लवी येतात अधूनमधून. पल्लवी आईशी बोलते, हसते, लोणच्याची बरणी घेऊन जाते. सदराही विहीणबाईंनी लखनकडून घेऊन इकडे पाठवला, पण सोमू तो घालत नाही. कपड्यांचं पान कानानंतर येतं. तो घडी उचलून बघतो आणि होती तिथं ठेवतो.

अश्विन आला की चपला काढून आधी सोमूजवळ जमिनीवर बसतो. काही बोलत नाही. मान थोडी कलती करतो, कान पुढे करतो, आणि बसून राहतो. एकदा म्हणाला, "सोमू, हवं तर परत अंतरपाट धरू. पल्लवीची तयारी आहे, मी तर तयारच आहे." पल्लवी म्हणाली, "परत तीच बुंदी वाढणार असाल तर माझी तयारी नाही." सगळे हसले. सोमू कानाकडे बघतो, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बघतो, तिथं अजून लोंबणाऱ्या कानाच्या पानाकडे. हात उचलत नाही.

आत लताबाईचा चहा केव्हाच झालेला असतो. ती तो गाळत नाही. गाळला की हाक मारावी लागेल, हाक मारली की जावई उठेल. ती गॅस बारीक करते आणि गाळणी हातात धरून उभी राहते.